परिग्रहाच्या वहीत रेसची गाडी



गेली दोन वर्षं इथल्या आणि सांगलीकडच्या बायका मला एकच प्रश्न विचारतात, "तुझे यजमान खरंच रेसमध्ये गाडी चालवतात?" मी हो म्हटलं की दुसरा प्रश्न जरा हळू आवाजात येतो, "आणि तू चालवू देतेस?" पहिल्याचं उत्तर एका शब्दात होतं. दुसऱ्याचं होत नाही, म्हणून आज लिहायला बसले.

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. इथं ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जुन्या चर्चच्या इमारतीत जैन सेंटर आहे. १९८८ साली तिथं प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर देरासर, आपलं दिगंबर मंदिर आणि स्थानकवासींचा उपाश्रय, सगळं एकाच छताखाली. आणि याच गावापासून तासाभराच्या आत मॅलरी पार्क आणि डॉनिंग्टन पार्क हे दोन रेसचे ट्रॅक आहेत. डॉनिंग्टनला १९३१ साली मोटारसायकलींची पहिली शर्यत झाली. गावातल्या माणसाला या खेळाचा नाद लागणं हे आपल्याकडं सांगलीत कुस्तीचा नाद लागण्यासारखंच आहे.

रेस म्हटल्यावर टीव्हीवरची फॉर्म्युला वन डोळ्यांपुढं आणू नका. हे क्लब रेसिंग. आठवडाभर नोकरी-धंदा करणारी माणसं शनिवार-रविवारी आपली गाडी ट्रेलरवर घालून आणतात, पंधरा-वीस मिनिटांच्या रेस धावतात आणि संध्याकाळी घरी जातात. पैसे मिळत नाहीत, जातातच. असा एक जुना क्लब म्हणजे ७५० मोटर क्लब, १९३९ साली सुरू झालेला. ऑस्टिन सेव्हन नावाची छोटी, स्वस्त गाडी घ्यायची आणि घरच्या शेडमध्ये तिची रेसची गाडी करायची, असं तिथलं काम. लोटस कंपनी काढणारा कॉलिन चॅपमन अशाच जुन्या ऑस्टिनवर हात बसवून पुढं गेला. त्याची १९५७ ची लोटस सेव्हन सुट्या भागांत विकत मिळायची, लोक घरी जोडायचे. १९७३ पासून तीच गाडी केटरहॅम बनवते आणि आजही ती खोक्यांमधून घरी येते.

आमच्या घरात हे सगळं त्या खोक्यांमुळंच सुरू झालं. यजमानांची पन्नाशी जवळ आली होती, घराचं कर्ज संपत आलं होतं, मुलगा वर्षभरात युनिव्हर्सिटीत जाणार होता. एका रात्री त्यांनी जेवणाच्या टेबलावर तीन कागद ठेवले आणि म्हणाले, "बघ, नाही म्हणालीस तर विषय इथंच संपला." सत्तावीस वर्षांच्या संसारात त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली मोठी वस्तू होती. म्हणून मी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. कागद ठेवून घेतले.

पहिला कागद केटरहॅमच्या किटचा. कंपनीची नवशिक्यांसाठीच एक मालिका आहे, १९९५ पासून चाललेली. सगळे नवखे, सगळ्यांच्या गाड्या सारख्या, गाडी घरी जोडायची आणि त्यात धावायचं. गाडी देखणी, पण नवी आणि महाग. दुसरा कागद लोकॉस्टचा. म्हणजे लोटस सेव्हनच्या घाटाची सांगाडा-गाडी, जुन्या फोर्डचं इंजिन आणि भाग वापरून स्वतः वेल्डिंग करून बनवलेली. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी यावर पुस्तक लिहिलं, आणि अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार असं त्याच्या नावातच होतं. तिसरा कागद एका जुन्या माझदा एमएक्स-५ चा. दोन सीटची छोटी गाडी, १९८९ साली पहिल्यांदा आली, सोळाशे सीसीचं इंजिन, वजन टनभराच्या आसपास. कोणीतरी आधीच रेससाठी तयार केलेली आणि आता विकायला काढलेली.

पैशाचा विचार मी नंतर केला. आधी रत्नकरंडक श्रावकाचार काढलं.

श्रावकानं संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची. आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसेला मर्यादा घालायची, हे आपण लहानपणापासून ऐकतो. रेस यांपैकी कशात बसते? स्वयंपाक नाही, शेती-व्यापार नाही, संरक्षण नाही. ती बसते ती अनर्थदंडात, म्हणजे काही प्रयोजन नसताना होणाऱ्या पापात. समंतभद्र आचार्यांनी अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यातला प्रमादचर्या हा प्रकार वाचा. विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, वनस्पती तोडणं, आणि विनाकारण स्वतः फिरणं व दुसऱ्याला फिरवणं. सासूबाईंनी ग्रंथ न उघडता फोनवर हेच सांगितलं होतं, "गोल गोल फिरून परत तिथंच यायचं असंल, तर जायचं कशाला म्हणते मी?"

अपध्यान हा दुसरा प्रकार त्याहून अवघड निघाला. पूज्यपाद आचार्य सर्वार्थसिद्धीत सांगतात की दुसऱ्याचा जय-पराजय, वध-बंधन कसं होईल याचं मनात चिंतन करणं म्हणजे अपध्यान. वध-बंधनाच्या रांगेत जय-पराजय! रेसमध्ये तर दुसरं काय असतं?

एवढं वाचल्यावर नाही म्हणणं सोपं होतं. पण मग मी आमच्या घरात नजर टाकली. माझ्या कपाटातल्या साड्या, वर्षातून दोन वेळा विमानानं भारतात जाणं, लग्नातली डेकोरेशन, मुलाचे व्हिडिओ गेम. यातलं प्रयोजन कशाकशाला आहे? यांच्या गाडीला अनर्थदंडाचा कायदा आणि माझ्या पैठणीला सूट, असं करता येत नाही. ग्रंथाचा उपयोग नवऱ्याला हरवायला केला, तर तेही अपध्यानच.

आपल्या आचार्यांनी गृहस्थासाठी वाट ठेवली आहे ती परिमाणाची. परिग्रह-परिमाण आणि भोगोपभोग-परिमाण. भोगोपभोगाच्या यादीत जेवण, बिछाना, कपडे, दागिने यांच्याबरोबर वाहनाचंही नाव आहे. आणि त्याग दोन तऱ्हांनी सांगितला आहे. जन्मभराचा तो यम. दिवस, पक्ष, महिना, ऋतू अशी मुदत घातलेला तो नियम. मला यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. इच्छेला मर्यादा वस्तू घरात येण्याआधी घालायची असते. एकदा गाडी दारात उभी राहिली की मर्यादा तीच ठरवते.

म्हणून वहीत आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. एकच गाडी. तीन सीझन. सीझनला जास्तीत जास्त चार रेस. दशलक्षणाच्या दहा दिवसांत रेस नाही. चामडं नाही. कर्ज नाही. मुलाच्या शिक्षणाच्या आणि शिखरजीच्या पैशाला हात नाही. तीन सीझन झाले की गाडी विकायची. मग मंदिरात दर्शन घेऊन यांनी तो नियम घेतला. दशलक्षण भाद्रपदात, आणि इथला सीझन साधारण मार्च-एप्रिल ते ऑक्टोबर. म्हणजे दर वर्षी एक फेरी बुडणार, गुणांच्या तक्त्यात वर जायची आशा तिथंच संपते. यांनी ते लिहिताना क्षणभर पेन थांबवलं, मग लिहिलं.

नियम लिहिल्यावर तीन कागदांची निवड आपोआप झाली. केटरहॅम ठरवलेल्या रकमेत बसत नव्हती. लोकॉस्ट बसत होती, पण ती बनवण्यात दोन हिवाळे गेले असते, आणि ज्यांनी बनवल्या त्यांतल्या प्रत्येकानं आम्हाला सांगितलं की पुस्तकाच्या नावातला आकडा विसरा. या खेळातला एक व्यवहार बायकांनी लक्षात ठेवावा असा आहे. रेसची गाडी स्वतः बनवली तर जेवढा खर्च येतो, त्याहून बऱ्याच कमी पैशांत दुसऱ्याची बनवलेली मिळते. पिंजरा, सीट, पट्टे, सस्पेन्शन यांवर घातलेले पैसे विकताना परत येत नाहीत. दागिन्यांत घडणावळ जाते तसंच. त्यामुळं आम्ही घडणावळ दुसऱ्याला भरू दिली आणि एमएक्स-५ घेतली.

गाडी बघायला मी बरोबर गेले. इंजिनातलं मला काही कळत नाही, पण मी फ्रिजवरचं चुंबक पर्समध्ये घातलं होतं. या जुन्या गाड्यांना दाराखालच्या पट्टीला आणि मागच्या चाकांच्या कमानीला आतून गंज चढतो, आणि वरून लांबी भरून रंग दिला की दिसत नाही. लांबीला चुंबक चिकटत नाही. पहिल्या गाडीला वीतभर जागेत चिकटलं नाही, आम्ही चहा घेऊन परत आलो. दुसरीला चिकटलं.

मग लेबलं वाचली. रेसचे पट्टे आणि सीट यांच्यावर तारखा असतात. दिसायला नवे असले तरी मुदत संपली की तपासणीत चालत नाहीत. विक्रेत्यानं जाहिरातीत सगळं आहे असं लिहिलं होतं, पण पट्ट्यांची मुदत सहा महिन्यांत संपत होती. तेवढी किंमत कमी करून घेतली. भाजी मंडईत आपण उगाच हात फिरवत नाही, मैत्रिणींनो.

रस्त्यावरची गाडी आणि रेसची गाडी यांत फरक वेगाचा कमी आणि बचावाचा जास्त असतो, हे मला तेव्हा कळलं. आतले गालिचे, मागची-पुढची सजावट सगळी काढलेली. त्याजागी पोलादी नळ्यांचा पिंजरा, म्हणजे गाडी उलटली तरी छत माणसावर येऊ नये. सहा टोकांचे पट्टे. आग विझवायची यंत्रणा, आणि बाहेरून कोणालाही ती सुरू करता यावी म्हणून लाल ई अक्षराची खूण. वीज तोडायच्या खटक्यावर निळ्या त्रिकोणात विजेची खूण. मागं पावसात पेटवायचा लाल दिवा. चालवणाऱ्याला आग न धरणारा पोशाख, हेल्मेट, आणि मान झटक्यानं पुढं जाऊ नये म्हणून खांद्यावर बसणारी चौकट.

म्हणून पैशाचे मी तीन सारखे भाग केले होते. एक गाडीचा. एक अंगावरच्या सामानाचा, लायसन्सचा आणि वर्षाच्या खर्चाचा, म्हणजे प्रवेश फी, टायर, ब्रेक, पेट्रोल, ट्रेलर. आणि एक भाग मोडतोडीसाठी बाजूला, तो मोडल्याशिवाय उघडायचा नाही. घरच्या गाडीचा विमा रेसला लागू होत नाही, आणि आयुर्विम्याच्या कंपन्याही मोटार रेसिंगबद्दल विचारतात. आम्ही आमच्या कंपनीला लेखी कळवलं, हप्ता वाढला, तो दुसऱ्या भागातून गेला. ही चौकशी बायकोनं स्वतः करावी. शेवटी तो कागद लागला तर तिलाच लागणार असतो.

चामड्याचा नियम सगळ्यांत वेळखाऊ ठरला. रेसच्या हातमोज्यांना तळव्याला मऊ चामडं असतं, बूट बहुतेक त्याचेच, स्टिअरिंगलाही तेच गुंडाळलेलं. गाडीबरोबर आलेलं स्टिअरिंग आम्ही बदललं. अल्कांटारा नावाचं कापड मिळतं, हात लावला तर चामड्यासारखं, पण ते पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनचं. हातमोजे तळव्याला सिलिकॉन लावलेले मिळाले. बुटांसाठी दुकानदारांना पत्रं लिहावी लागली, कारण नुसतं सिंथेटिक लिहिलेल्या बुटाला टाचेशी चामड्याचा तुकडा सापडतो. दोन महिने गेले, पण मिळाले.

आता भीतीबद्दल. आमच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मला धीर देताना म्हटलं, "आयुकर्म आहे तेवढं आहे, घरात बसलं तरी तेच." त्यांचा हेतू चांगला होता, पण हे मला पटत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाचं शेवटचं सूत्र बघा. देव-नारकी, चरमशरीरी आणि असंख्य वर्षांचं आयुष्य असणारे, यांचंच आयुष्य मध्ये तुटत नाही. आपण त्या यादीत नाही. आपलं निमित्तानं तुटू शकतं. म्हणून आयुकर्माच्या नावावर जुना पट्टा वापरता येत नाही.

लायसन्ससाठी ट्रॅकवरच्या शाळेत एक दिवस जावं लागतं. लेखी परीक्षा आणि चालवायची परीक्षा. लेखीत झेंडे विचारतात. पिवळा म्हणजे पुढं धोका, ओलांडायचं नाही. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. लाल म्हणजे रेस थांबली. नवख्यानं गाडीच्या मागं पिवळ्या चौकोनावर काळी फुली लावून धावायचं, म्हणजे इतर जपून वागतात. शिस्तीत रेस झाली की अधिकाऱ्याची सही मिळते, आणि अशा सह्या जमल्यावरच वरचं लायसन्स. मला ही पद्धत आवडली. गुंठ्याएवढी चूक असली तरी ती दिवसाअखेर बोलावून सांगतात.

रेसच्या दिवशी पहाटे मी दशम्या, बिनलसणीची शेंगदाण्याची चटणी, मुगाची उसळ असा डबा भरते. सकाळी नावनोंदणी, गाडीची तपासणी, आवाजाचं मोजमाप, मग वेळ मोजायची फेरी, आणि दुपारी कधीतरी रेस. उन्हाळ्यात इथं सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळं चौविहाराला अडचण नाही. ऑक्टोबरमध्ये सहाच्या सुमारास अंधारून येतं, तेव्हा गाडी ट्रेलरवर चढवायच्या आधी जेवण उरकायचं, हेही वहीत आहे. एकदा आमच्या शेजारच्या तंबूतल्या माणसानं घड्याळ दाखवून यांना आठवण केली, "तुमचा सूर्य चालला."

पहिल्या सीझनच्या दुसऱ्या रेसमध्ये लाल झेंडा आला. मी कठड्याशी उभी होते. गाड्या एकेक हळू परत येऊ लागल्या, मी मोजत होते. यांची गाडी अकरावी आली. त्या दहा गाड्यांमध्ये मी णमोकार मंत्र म्हणत होते की नुसते ओठ हलत होते, सांगता येणार नाही. दुसऱ्या कोणाची तरी गाडी उलटली होती. तो माणूस पिंजऱ्यामुळं स्वतःच्या पायांनी बाहेर आला. त्याची बायको माझ्यापासून चार हातांवर होती, आणि ती अजून मोजतच होती. मी तिचा हात धरला. ते कळेपर्यंतची दोन-तीन मिनिटं आम्ही दोघी काही बोललो नाही.

घरी येताना यांनी विचारलं, "बंद करू?" मी म्हटलं, "नियमात काय लिहिलंय?" नियम तीन सीझनचा होता. भीतीनं मोडला असता, तर उद्या हौसेनं वाढवताही आला असता.

आता तुमच्या हळू आवाजातल्या प्रश्नाकडं येते. कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्हींनी कर्म बांधलं जातं. मी गाडी चालवत नाही, चालवायला लावलं नाही, पण डबा भरते, कठड्याशी उभी राहते. मग माझी अनुमोदना झालीच. मी ती नाकारत नाही. काही जणी म्हणतात, जेवढा खर्च तेवढं दान करा, फिटलं. दान आम्ही करतो, पण या खात्यावर नाही. दानानं हौस धुवून घेण्याचा हिशेब मला आपल्या ग्रंथांत कुठं दिसला नाही. मी एवढंच करते की अनुमोदना कशाची, ते निवडते. पट्टे नीट आवळले का, ब्रेकचं ऑईल बदललं का, कारण ते हवेतलं पाणी शोषतं आणि जुनं झालं की लवकर उकळतं, हे मी विचारते. कितवा आलास, हे विचारत नाही. यांनी स्वतःच एक वही केली आहे, तिच्यात फक्त स्वतःच्या फेरीची वेळ लिहितात, दुसऱ्या कोणाची नाही. निकालाचा कागद ते बघतात, मला दिसतं. माणूस आहेत. पण तो कागद घरी आणत नाहीत.

एक बदल मात्र नोंदवण्यासारखा आहे. घरच्या गाडीत हे आता वेगानं जात नाहीत. पूर्वी हायवेवर मी दांडी धरून बसायची. आता म्हणतात, इथं पिंजरा नाही, झेंडा दाखवणारा नाही, आणि समोरच्यानं हा खेळ मान्य केलेला नाही. ईर्या समितीत मुनी चार हात जमीन बघून पाऊल टाकतात. गृहस्थाला तेवढं जमत नाही, पण लक्ष कुठं असावं एवढं तरी शिकता येतं.

तुमच्या घरात कोणी गाडी मागेल, कोणी बाईक, कोणी महागडा कॅमेरा, मुलगी कदाचित डोंगर चढायला जायचं म्हणेल. हो-नाही करण्याआधी तिला किंवा त्याला वही द्या. किती, कुठवर, कोणत्या पैशानं, केव्हा थांबणार, आणि काही झालं तर मागं कोणाचं काय होणार, एवढं स्वतःच्या हातानं लिहू दे. ज्याला लिहिता येत नाही, त्याची हौस अजून कच्ची आहे. ज्याला लिहिता येतं, त्याच्याशी बोलायला काहीतरी हातात आलं.

आमचा हा तिसरा सीझन. ऑक्टोबरमध्ये गाडीची जाहिरात द्यायची आहे, फोटो मीच काढणार. पट्टे नवे आहेत, आणि चुंबक सगळीकडं चिकटतं.

जय जिनेंद्र.